सात नावांचा खांब

पूर्वी काशीदेशातल्या भद्रवाट नगरात नंदिवर्धन राजाचा अंमल होता. त्या काळी बोधिसत्त्व एका बैलदलालाच्या घरी जन्मला आणि मोठेपणी बापाच्याच धंद्यात पडला. लोक त्याला सुनेत्र म्हणत. तिथल्या बाजाराची रीत अशी, की भाव कोणी तोंडाने बोलत नसे. दलाल रुमालाखाली हात धरी, बोटं दाबून आकडा सांगी, आणि शेजारी उभ्या माणसाला सौद्याचा पत्ता लागत नसे. सुनेत्राची मात्र आणखी एक खोड होती. रंगवलेली शिंगं आणि घुंगरमाळा बघून तो कोणाला बैल घेऊ देत नसे. "याने मागच्या साली विकलेले बैल आज कसे चालतात, ते आधी बघून येऊ," असं म्हणून तो गिऱ्हाइकाला कोसच्या कोस तंगडतोड करायला लावी. लोक त्याची चेष्टा करीत आणि बैल घ्यायचा झाला की त्याच्याचकडे येत.

एके दिवशी पिंगल तेली आपल्या घाण्याचे दोन्ही बैल, धवळ्या आणि कबरा, विकायला घेऊन आला. बैल गेले की घाणा बंद, हे त्यालाही कळत होतं. पण स्वारी खुशीत होती.

"दादा, आपल्या सोणकाला सुवर्णशाळेत घेतलं!" तो म्हणाला.

सुवर्णशाळा म्हणजे नदीपलीकडचं विद्यापीठ. त्याला राजाची देणगी नव्हती. मणिभद्र आचार्याने ते स्वतः उभारलं होतं आणि शिष्यांच्या दक्षिणेवर ते चाले.

"परीक्षेत पहिला आला माझा पोरगा," पिंगल सांगू लागला. "एकच जागा उरलीय. पौर्णिमेपर्यंत हजार कार्षापण भरायचे. आचार्यांनी मला एकट्याला आत नेलं, दार लावलं आणि सांगितलं, कुठे बोलू नकोस."

गिऱ्हाईक तयारच होतं, भावही चांगला देत होतं. सुनेत्राने रुमाल टाकला आणि पिंगलचा हात धरला. तोंडाने एवढा हसणारा माणूस, पण रुमालाखालचा हात सोडवून घेऊ बघत होता. या सौद्यात सुनेत्राची दलाली होतीच. शिवाय त्याच सकाळी मणिभद्राचा माणूस येऊन सांगून गेला होता, की पोरं धाडा, पोरामागे एका वासराची किंमत तुमची. दोन्हीकडून फायदा चालून आला होता. त्याने रुमाल काढून खांद्यावर टाकला.

"आज सौदा नाही," तो म्हणाला.

पिंगल भडकला. "तुझं काय जातंय रे? माझ्या पोराने जन्मभर घाण्याभोवतीच फिरायचं का?"

"मुळीच नाही. पण बैल घेताना माझ्याबरोबर पाच कोस चालतोस, आणि पोरगा देताना चार पावलं चालायला तयार नाहीस?"

पुटपुटत, पाय आपटत पिंगल सुनेत्राबरोबर निघाला.

सुवर्णशाळेच्या दाराशी एक दगडी खांब होता. बारा वर्षांपूर्वीच्या तुकडीतली सात नावं त्यावर सोनेरी अक्षरांत कोरली होती. कोणी अमात्य, कोणी राजवैद्य, कोणी सेनापतीचा सल्लागार. पिंगलची छाती फुगली. आठवं नाव सोणकाचं, असं तो मनातल्या मनात वाचूनही बसला.

सुनेत्राने आचार्याला नमस्कार केला आणि विचारलं, "या सातांबरोबर त्या साली आत किती आले होते?"

"एकशे चाळीस."

"मग बाकीचे एकशे तेहतीस आता कुठे आहेत?"

मणिभद्र हसला. "ज्याचं त्याचं नशीब, बाबा. आम्ही विद्या देतो. पुढचं कोण बघत बसतो?"

मग सुनेत्र आणि पिंगलच बघायला निघाले. त्या तुकडीतलं इथे कोण आहे, असं विचारत तीन दिवस त्यांनी गावं पालथी घातली. खांबावरच्या सातांपैकी पाच तर अमात्यांचीच मुलं निघाली. "खिलाराच्या पोटी खिलार जन्मलं, त्यात गोठ्याचं काय कौतुक?" सुनेत्र म्हणाला. बाकीच्यांत सगळंच वाईट नव्हतं. एकजण खेड्यात पोरं शिकवत होता आणि मजेत होता. दोघे गुरांचे नामी वैद्य झाले होते. ते दोघेही वसभ नावाच्या म्हाताऱ्या गुरूंचं नाव घेत. पण वसभ आता सुवर्णशाळेत नव्हते. शाळा सोडून ते असितगावी राहत होते. उरलेले पुष्कळजण बापाच्या धंद्याला परतले होते आणि बापाची अवजारं तेवढी विकली गेली होती.

लवणघाटावर नंदीय नावाचा तरुण मीठ तोलताना भेटला. त्याचा बाप नावाडी होता.

"सहा वर्षं शिकलो ना," नंदीय म्हणाला. "तीन हजार श्लोक पाठ आहेत. त्यासाठी बापाने नाव विकली. मी तिकडून निघालो तो इथेच राहिलो. त्यालाही सहा वर्षं झाली, घरी गेलो नाही. कोणत्या तोंडाने जाऊ?"

पिंगलने मान फिरवली आणि उपरण्याने डोळे पुसले.

पौर्णिमेला सुवर्णशाळेच्या दाराशी बापांची गर्दी झाली. सोणकही पिंगलच्या बरोबर आला होता. सुनेत्राने आपला रुमाल जमिनीवर उघडा पसरला आणि म्हणाला, "रुमालाखालचं आज उघड्यावर बोला. कोणाला किती सांगितलंय?"

प्रत्येकाला वाटे, आपण बोललो तर आपल्या पोराची जागा जाईल. पिंगलने सोणकाकडे बघितलं. मग तो एकदम म्हणाला, "मला हजार सांगितले. माझा पोरगा पहिला आला म्हणाले, आणि एकच जागा उरलीय म्हणाले."

"अहो, माझाही पहिलाच आला!" एक कुंभार ओरडला. "मला सहाशे सांगितले."

"माझाही पहिला," मागून एक सराफ पुटपुटला. "मी चौदाशे भरलेत."

आधी सगळे खो खो हसले. मग हसू मावळलं आणि मुठी वळल्या. मणिभद्र बाहेर आला तेव्हा सुनेत्र मध्ये उभा राहिला आणि त्याने कोणाला हात उगारू दिला नाही.

"आचार्य," तो शांतपणे म्हणाला, "झाकून भाव करणं हा माझाच धंदा. म्हणून तर मला हे ओळखू आलं. पण बैल वाईट निघाला तर माणूस दुसरा घेतो. पोराची सहा वर्षं त्याने कोणत्या बाजारातून आणायची? माझं मागणं एवढंच. उरलेली एकशे तेहतीस नावं खांबावर कोरा. कोण कुठे आहे, काय करतो, तेही लिहा. मग ज्याला यायचं तो येईल."

मग तो सोणकाकडे वळला. "तुला काय शिकायचंय रे?"

"धवळ्याच्या खांद्याला जुवाने घट्टे पडतात. ते बरे कसे करायचे, ते."

"अरे, मग हे आधी का नाही बोललास?" पिंगल म्हणाला.

"कोणी विचारलंच नाही, बाबा."

सोणक असितगावी वसभांकडे गेला. महिन्याला तेलाची एक घागर, एवढीच त्यांची दक्षिणा होती. धवळ्या आणि कबरा घाण्यालाच राहिले. त्या दिवसापासून सुनेत्र बाजारातही भाव मोठ्याने बोलू लागला. निम्मे व्यापारी त्याला सोडून गेले. तो उरलेल्या निम्म्यांत भागवू लागला.

इकडे सुवर्णशाळेत दोन वर्षं नवा शिष्य फिरकला नाही. तेव्हा कुठे मणिभद्राने पाथरवट बोलावले, माणसं गावोगाव धाडली आणि सगळी नावं कोरून घेतली. खाली सर्वांसाठी एकच दक्षिणा लिहिली. पुढे एके दिवशी एक म्हातारा नावाडी त्या खांबापाशी आला. त्याला वाचता येत नव्हतं. एका शिष्याने एकेक ओळ वाचत त्याला नाव शोधून दिलं, "नंदीय. लवणघाटावर मीठ तोलतो."

म्हाताऱ्याने त्या अक्षरांवरून हात फिरवला आणि तसाच लवणघाटाकडे चालू लागला. नंदीय तागडीपाशी बसला होता. बापाला बघून त्याने मान खाली घातली.

"जिवंत आहेस, एवढंही कोणी सांगितलं नव्हतं रे," म्हातारा म्हणाला. "ऊठ. आई जेवायची थांबलीय."

मुलाला कोणत्या आचार्याच्या हाती द्यावं, हे विचारायला जेतवनात आलेल्या एका गृहस्थाला तथागतांनी ही कथा सांगितली. शेवटी ते म्हणाले, "तेव्हाचा मणिभद्र म्हणजे आपल्या शिष्यांची संख्या मिरवणारा तो मागे बसलेला भिक्षू. तेव्हाचा नंदीय म्हणजे काल घर आठवून रडलेला नवा श्रामणेर. पिंगल तेली म्हणजे गृहस्था, तू. आणि तो दलाल मी होतो. जे वर आले त्यांना सगळेच बघतात. जे दिसत नाहीत त्यांची विचारपूस करते, ती प्रज्ञा."

गृहस्थाने नमस्कार केला आणि घरी जाऊन आधी मुलाला जवळ बसवलं.