सरकारांचा न उडालेला बार

कुंभेरी हे संस्थान तळहाताएवढं होतं, पण तिथल्या सरकारांच्या मिशा दोन संस्थानांना पुरून उरतील एवढ्या होत्या. आपल्या बारा वर्षांच्या लेकीला, अक्कासाहेबांना, नेमबाजी शिकवायला त्यांनी पलटणीतून निवृत्त झालेल्या येसबा सुभेदारांना ठेवलं. सुभेदारांनी तिच्यासाठी पॉइंट टू टूची हलकी रायफल निवडली. तिचं काडतूस जेमतेम बोटाच्या पेराएवढं.

सरकार भडकले. "माझी लेक काय कणगीतले उंदीर मारणार आहे? तिला माझी वाघाची बंदूक द्या. नाहीतर उद्यापासून घरी बसा."

"जशी आज्ञा," सुभेदार म्हणाले. "पण आधी सरकारांनी एक बार काढून दाखवावा. अक्कासाहेब बघून शिकतील."

त्यांनी वाघाची बंदूक आणून दिली. सरकारांनी मिशीला पीळ भरला, नेम धरला आणि चाप ओढला. नुसतं खट् झालं. बार काही उडाला नाही. तरीही सरकारांनी डोळे गच्च मिटले, खांदा आखडला आणि दोन पावलं मागे जाऊन ते खुर्चीतल्या दिवाणजींच्या मांडीवर बसले.

"अहो, हिच्यात काडतूसच नाही," सरकार तिथूनच गरजले.

"मी घातलंच नव्हतं, सरकार. दणका बसायच्या आधीच डोळे मिटायचे, हे या बंदुकीनं सरकारांना शिकवलं. अक्कासाहेबांनाही तेच शिकवायचं का, एवढंच विचारायचं होतं."

सरकार उठले, मिशी सारखी केली आणि दिवाणजींच्या कानाशी वाकून म्हणाले, "ती उंदरांची बंदूक... दोन मागवा."