थांबली की गुदमरणारी मुशी

पूर्वी अपरांतात, म्हणजे कोकणपट्टीत, धृतिसेन राजाची सत्ता होती, तेव्हा बोधिसत्त्व समुद्रकाठच्या एका कोळीवाड्यात जन्मले होते. सुमंगल हे त्यांचे नाव. तांडेल, म्हणजे होड्यांचा म्होरक्या, म्हणून त्यांचा शब्द सगळ्या होड्या मानीत.

राणी पद्मगंधा गरोदर होती. दर्यातला मोठा शिकारी मासा, मुशी, जिवंत पाहावी असे तिला डोहाळे लागले. ज्योतिष्याने वर भर घातली, की मुशी मेली तर पोटातल्या बाळाचेही खरे नाही. झाले! राजाच्या पाचावर धारण बसली.

राजाच्या आज्ञेवरून बोधिसत्त्वांनी मुशी आणली. होडीमागे, तोंड पुढे ठेवून, त्यांनी ती सतत पाण्यातून ओढत आणली, म्हणून ती जगली. खाडीलगतच्या राजतळ्यात तिला सोडल्यावर राजाने सोन्याचे कडे देऊन त्यांना निरोप दिला.

तळ्यात मुशी गरगर फिरू लागली. राजवैद्य सुदर्शी म्हणाले, "बिचारी घाबरली आहे. तिला स्वस्थ पडू द्या." सेवकांनी तिला मऊ रेशमी पट्ट्यांनी खुंटांना बांधले. मायेने गळा आवळायचा म्हणतात तो असा. घटकाभरात मुशी निपचित पडली.

बोधिसत्त्व होडीत पाय ठेवणार तोच ही बातमी आली. कडे हातात होते, वाराही घरच्या दिशेचा होता. तरी ते मागे फिरले.

"महाराज, तिचे बंध सोडा. ती भीतीने धावत नाही. धावली तरच तोंडातून कल्ल्यांत पाणी जाते. तोच तिचा श्वास."

"खाडीच्या तळाशी निजलेल्या मुशा मी या डोळ्यांनी पाहिल्या आहेत!" वैद्य चिडले.

"त्यांची जात निराळी, वैद्यराज. त्या निजल्या निजल्या गालांनी पाणी ओढतात. हिला ते जमत नाही."

राजाचा जीव टांगणीला लागला होता. "सोडल्यावर मेली, तर तुझे मस्तक जाईल."

"जाऊ दे, महाराज. पण आता वेळ घालवू नका," असे म्हणून बोधिसत्त्व पाण्यात उतरले.

बंध सुटले, पण मुशीत पोहण्याचे त्राण नव्हते. पोटाखाली हात घालून, तिला पुढे ढकलीत ते छातीभर पाण्यातून चालू लागले. कालवांच्या धारदार शिंपल्यांनी पाय फाटले. शेपूट हलली, पण तळे पडले लहान. भिंतीशी ती अडे, आणि अडली की पुन्हा मलूल होई.

"हिला समुद्रच हवा," ते म्हणाले. पण खाडीकडचे दार भरतीशिवाय उघडत नसे, आणि भरतीला अजून एक प्रहर होता.

प्रत्येक फेऱ्याला राजा विचारी, "आहे ना?"

"आहे, महाराज." दर वेळी हा आवाज बारीक होत गेला.

तेव्हा राणी पायऱ्या उतरून आली. तिने मुशीच्या कल्ल्यांपाशी हात धरला. बोटांना पाण्याची क्षीण धार लागली आणि तिला रडू फुटले.

"बाळ पोटात फिरायचे थांबले की माझा जीव असाच कासावीस होतो. त्याला कोणी मायेने बांधून ठेवले तर? नकोत मला हे डोहाळे. हिला जाऊ द्या." मग ती राजाकडे वळली. "तांडेलांचे पाय लटपटताहेत, स्वामी. आता तुम्ही उतरा."

राजा वस्त्रांनिशी उतरला. भरती येईपर्यंत दोघे आळीपाळीने चालले. दार उघडले, आणि शेपटीच्या एका फटकाऱ्यासरशी मुशी समुद्राकडे निघून गेली. राजाने घाबरतच राणीकडे पाहिले. तिने त्याचा ओला हात पोटावर ठेवला. आत बाळ फिरत होते.

आजारी सोबत्याला काळजीपोटी खोलीत कोंडून त्याचे चंक्रमण, म्हणजे रोजचे येरझारा घालणे, बंद पाडणाऱ्या एका भिक्षूला शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, ही कथा सांगितली. ते म्हणाले, "तेव्हाचा वैद्य तू होतास. राजा म्हणजे हा तुझा सोबती. राणी म्हणजे त्याला रोज पेज आणून देणारी उपासिका, आणि तांडेल मी स्वतः. दुसऱ्याचा श्वास कशात आहे हे आधी ओळखावे, मग त्यासाठी आपले पाय फाटेपर्यंत चालावे. ही वीर्यपारमिता, प्रयत्नांची पराकाष्ठा."

भिक्षू उठला आणि त्याने सोबत्याच्या खोलीची कडी काढली.