काखेतल्या गाठींची चिठ्ठी

एका मोठ्या रुग्णालयाच्या नोंद विभागात एकदा एक वृद्ध नोंदकार आपल्या शिष्येला काम शिकवीत होते. काम असे, की डॉक्टरांनी केसपेपरवर जे लिहिले ते वाचायचे आणि त्या आजाराचा ठरलेला क्रमांक फाइलवर मांडायचा. रुग्ण पुढे कुठल्याही दवाखान्यात गेला, तरी आधी तो क्रमांक वाचला जातो आणि मग माणूस तपासला जातो.

शिष्या हुशार, हाताला वेग. एके दिवशी तिच्यापुढे अनसूयाबाई नावाच्या विणकर बाईंची फाइल आली. स्तनाचा कर्करोग नक्की झालेला, काखेतल्या लसिकाग्रंथी सुजून गाठी झालेल्या आणि त्यापुढे घाईच्या अक्षरात ‘पसरल्याचा संशय’. नुसत्या संशयाला क्रमांक देता येत नाही, हे तिला पाठ होते. म्हणून तिने डॉक्टरांना चिठ्ठी लिहिली: ‘कर्करोग काखेत पसरला आहे असे नोंदवू ना? खाली सही करावी.’

वृद्धांनी चिठ्ठी वाचली आणि शांतपणे फाडून टाकली.

“अहो काका! उद्या डॉक्टरांची बैठक आहे, बाईंचे उपचार ठरायचेत. फाइल अडली तर बाई अडतील!”

“अडू दे. दुसरी लिही.”

तिने दुसरी लिहिली, जरा अधिक नम्रपणे. तीही फाटली.

“आपल्याकडे कागद फार झालाय वाटतं,” ती पुटपुटली.

“म्हणून तर तिसरी नीट लिही. ‘काखेतल्या गाठी कशाच्या आहेत? कोणत्या तपासणीवरून?’ बस, एवढंच.”

“पण उत्तर दिसतंच आहे की!”

वृद्धांनी चष्मा काढला. “तीस वर्षांपूर्वी मलाही दिसलं होतं. एक शिंपी होता, कर्करोग झालेला, त्याच्या मानेत गाठी. मी लिहून पाठवलं, ‘पसरलाच ना?’ दाराशी साठ रुग्ण उभे. डॉक्टरांनी सही ठोकली. सही त्यांची, उत्तर माझं. तो क्रमांक तीन रुग्णालयं फिरला. लिहिलेलंच आहे म्हणून कुणी गाठीत सुई घालून आतल्या पेशी पाहिल्या नाहीत. पाहिलं तेव्हा कळलं, गाठी क्षयाच्या. औषध होतं गं त्यावर, वेळ उरली नव्हती. दमलेल्या माणसापुढे तयार उत्तर ठेवलं, की तो सही करतो. मोकळा प्रश्न ठेवला, तर त्याला उठून बघावं लागतं.”

तिसरी चिठ्ठी वर गेली. ती वाचल्यावर डॉक्टरांच्या ध्यानात आले, की सुईची तपासणी झालेलीच नाही. अनसूयाबाईंचे नाव पुढच्या बैठकीवर गेले.

दुसऱ्या दिवशी त्या खिडकीशी आल्या. “पोरी, माझा कागद हरवला का गं?”

“नाही मावशी. नीट बघून घेतायत.”

पाचव्या दिवशी निकाल आला. गाठींत कर्करोगाच्याच पेशी होत्या.

“तू म्हणत होतीस तेच निघालं,” वृद्ध म्हणाले.

शिष्येने निकालाची ओळ दोनदा वाचली. पहिल्या दिवशी जो क्रमांक तिच्या मनात होता, तोच तिने आता फाइलवर मांडला. या वेळी तिचा हात सावकाश चालला.

“मी म्हणत होते, काका,” ती हळूच म्हणाली, “पण मला ठाऊक नव्हतं.”

त्या दिवसापासून वृद्धांनी तिच्या चिठ्ठ्या वर जाण्याआधी वाचून पाहणे सोडून दिले.

ज्याच्या जिवावर आपल्या शब्दाचा भार पडणार, त्याच्याविषयी विचारायला जाताना उत्तर सोबत घेऊन जाऊ नये.