कन्सोल, संगणक आणि देवाचा कौल

एकदा एक अधिकारी बदली होऊन समुद्राकाठच्या एका लहानशा गावी राहायला आला. वयाने तरुणच, पण अगदी कोवळा नव्हे. कानाशेजारचे केस पिकू लागलेले, लग्न दोनदा जुळता जुळता राहिलेले, आईवडील मागेच देवाघरी गेलेले. पाटबंधाऱ्याच्या कचेरीत त्याला मानाची खुर्ची होती. राहायला वरच्या मजल्यावर दोन ऐसपैस खोल्या होत्या. खाली घरमालकाचे कुलूप. मालक मुंबईला असत, गणपतीत तेवढे चार दिवस येत आणि मग पुन्हा कुलूप.

संध्याकाळी कचेरी सुटली की तो खोलीवर येई, आपल्यापुरता चहा करी आणि खिडकीत उभा राही. समोर माड आणि त्यांच्या पलीकडे समुद्र. दृश्य असे सुंदर की पाहुण्याला हौसेने दाखवावे. पण पाहुणा कुणी येत नसे. सकाळी दूधवाल्याला "आज अर्धाच" म्हणे, तोच त्या घरातला दिवसाचा पहिला आणि शेवटचा शब्द असे.

विद्यार्थीदशेत त्याला व्हिडिओ गेमचे फार वेड होते. वसतिगृहात चौघे मिळून खेळत, आरडाओरडा करत, रेक्टरची बोलणी खात. संध्याकाळ जावी म्हणून पुन्हा काहीतरी घ्यावे असे त्याच्या मनाने घेतले, आणि तिथून प्रश्न उभा राहिला: कन्सोल घ्यावा की संगणक?

ज्यांना यातले ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. कन्सोल म्हणजे टीव्हीला जोडायचे खेळाचे यंत्र. पेटीतून काढावे, वायर लावावी, खेळायला बसावे. दुसरे काम ते करत नाही, पण फारसा त्रासही देत नाही. संगणकावर खेळही होतात आणि कामेही. पुढेमागे आतला एखादा भाग बदलून त्याची ताकद वाढवता येते, खेळही सवलतीत मिळतात. मात्र तो घ्यायचा तर आतला भाग न् भाग पारखावा लागतो. दोन्ही चांगले, दोन्हीत काही उणे. शहाण्या माणसाने आठवड्याभरात ठरवावे एवढीच ही बाब. पण याचे पाऊस सरून थंडी पडली तरी ठरेना.

गावात विजेच्या वस्तूंचे एकच मोठे दुकान होते. तिथल्या व्यापाऱ्याकडे तो दर रविवारी जाई.

"या साहेब," व्यापारी म्हणे, "आज कुठली शंका?"

"शेठ, कन्सोलचं पटलं होतं मला. पण पुढच्या वर्षी नवा आला तर हा जुना पडेल."

"पडेल की. आपण नाही का पडत जुने? तोवर खेळून घ्यायचं."

यावर दोघे हसत, व्यापारी चहा मागवी आणि तासभर बोलणे चाले. निघताना अगदी पक्के ठरलेले असे. पण बाजारपेठ ओलांडून खोलीचा जिना चढेपर्यंत त्याला नवी शंका सुचलेली असे. आणि नवल असे की, शंका सुचली की त्याला हायसे वाटे.

कचेरीतल्या कुमुदताईंनाही तो विचारी. त्या जुन्या कारकून, जिभेने तिखट, मनाने चांगल्या. त्यांना खेळातले ओ की ठो कळत नव्हते, तरी डबा खाताना ऐकून घेत. एक दिवस मात्र म्हणाल्या, "साहेब, तुमचं यंत्र ठरेपर्यंत मी दोन लेकींची लग्नं ठरवून टाकली. घ्या आता एकदाचं!" सगळे हसले, तोही हसला. दुसऱ्या दिवशी विचारायला गेला तेव्हा कुमुदताई डबा घेऊन पलीकडच्या टेबलावर बसल्या होत्या.

बंगळुरूला त्याचा एक मावसभाऊ होता. एरवी फोन केला तर "बरा आहेस ना?", "बरा आहे," एवढ्यावर संपे. पण यंत्राचा विषय काढला की अर्धा तास सहज जाई. हळूहळू तोही म्हणू लागला, "अरे, तेच तेच किती वेळा? मी मीटिंगमध्ये आहे."

शेवटी एका रविवारी खुद्द व्यापाऱ्यानेच हात जोडले. "साहेब, माझं सगळं ज्ञान संपलं. आता बाकी काही नको, देवालाच विचारा."

तो हसत हसत पायरी उतरला खरा, पण त्या संध्याकाळी खिडकीत उभे राहिल्यावर त्याच्या लक्षात आले की आता विचारायला कुणीच उरलेले नाही. आणि मग व्यापाऱ्याने थट्टेने म्हटलेले शब्द त्याने खरेच मानले.

गावाबाहेरच्या टेकडीवर ग्रामदेवतेचे मंदिर होते. तिथे एक वृद्ध गुरुजी राहत. दर गुरुवारी संध्याकाळी ते पोथी सांगत. गावातली पाचदहा मंडळी ऐकायला जमत, आणि हा अधिकारीही मागच्या खांबाशी बसून ऐके. गुरुजींना तो मनोमन गुरू मानी, पण त्यांच्याशी बोलण्याचे धैर्य त्याला कधी झाले नव्हते. त्या भागात देवाला कौल लावण्याची रीत आहे. फुलाच्या पाकळ्या पाण्यात भिजवून मूर्तीच्या उजव्या आणि डाव्या अंगाला चिकटवतात आणि मनातला प्रश्न सांगतात. ज्या बाजूची पाकळी आधी पडेल तो देवाचा शब्द.

पोथी संपून मंडळी पांगल्यावर तो पुढे झाला आणि चाचरत म्हणाला, "गुरुजी, कौल लावायचा होता."

"लग्नाचा का रे?"

"नाही. कन्सोल घ्यावा की संगणक, याचा."

गुरुजींनी चष्मा वर सारला. "हे देवाला समजेल?"

"देवाला सगळं समजतं, गुरुजी."

"तेही खरं. बैस."

गुरुजींनी आचमन केले, पाकळ्या भिजवल्या, लावल्या. उजवी कन्सोलची, डावी संगणकाची. समईची ज्योत स्थिर होती. थोड्या वेळाने उजवी पाकळी सुटली आणि देवाच्या पायांशी पडली.

"कन्सोल," गुरुजी म्हणाले. "झालं तुझं काम."

त्याने हात जोडले, पण जागचा उठला नाही. "गुरुजी, कन्सोलवर कचेरीचं काम नाही हो करता येत. मी देवाला नीट सांगितलं नसेल. पुन्हा एकदा लावता का?"

गुरुजींनी पुन्हा पाकळ्या लावल्या. या खेपेस डावी पडली.

"संगणक."

"हो, पण इथे विजेचा दाब सारखा कमीजास्त होतो. एवढं महागाचं यंत्र... आणखी एकदाच, गुरुजी."

गुरुजींनी तिसऱ्यांदा पाकळ्या भिजवल्या. तो गुडघ्यांवर पुढे सरकून बसला. दोन्ही पाकळ्या मूर्तीला चिकटल्या, उजवी किंचित हलू लागली. आता पडणार, आता पडणार, एवढ्यात गुरुजींनी हात पुढे केला आणि दोन्ही पाकळ्या आपल्याच बोटांनी काढून ताम्हनात ठेवल्या.

तो चरकला. "गुरुजी! लावलेला कौल मोडलात?"

"मोडला." गुरुजींनी देवापुढे डोके टेकले, चूक पदरात घे म्हणून विनवले, आणि मग त्याच्याकडे वळून बसले.

"अरे, तू पाकळ्यांकडे बघत होतास आणि मी तुझ्याकडे. उजवी पडली, तुझा चेहरा उतरला. डावी पडली, तेव्हाही उतरला. पण मी पुन्हा पाकळ्या भिजवायला घेतल्या, तेव्हा तुझ्या तोंडावर किती उजेड आला म्हणून सांगू! ज्याला उत्तर हवं असतं तो उत्तर मिळालं की उठून जातो. तुला उत्तराची भीती वाटते. एकदा ठरलं की दुकानात कशाला जायचं, भावाला फोन कशाला करायचा, या म्हाताऱ्याशी तरी काय बोलायचं? कुणाकडे रिकाम्या हाती कसं जावं म्हणून आपण केळी नेतो ना, तसा तू प्रश्न घेऊन जातोस. तुला माणसाच्या शेजारी चार घटका बसायचं असतं, आणि ते सांगायची लाज वाटते."

त्याने मान खाली घातली. मग ताम्हनातल्या पाकळ्यांकडे पाहत तो म्हणाला, "लोक कंटाळले, गुरुजी."

"प्रश्नाला कंटाळले. तुला अजून पाहिलंय कुणी?"

"मग मी काय करू?"

"एक व्रत सांगतो. जमेल तर धर. आठवड्यातून एक दिवस कुणाकडे तरी जायचं. काम न काढता. काही विचारायचं नाही, काही मागायचं नाही. 'सहज आलो' एवढंच म्हणायचं."

"आणि ते म्हणाले, काय काम काढलंत?"

"म्हणतीलच. तेव्हा पळून यावंसं वाटेल. तेवढा क्षण सोसायचा. या व्रतातला उपास तोच."

"आणि फळ?"

गुरुजी हसले. "ते त्याच्याकडे," म्हणून त्यांनी मूर्तीकडे बोट केले, आणि समईत तेल घालायला उठले.

ऐकताना हे व्रत सोपे वाटते. निर्जळी उपास करणारी माणसे पुष्कळ असतात, पण काही कारण नसताना दुसऱ्याच्या दारात उभे राहणे फार थोड्यांना साधते. त्याचे पहिले दोन रविवार जिन्यावरूनच परतण्यात गेले. तिसऱ्या रविवारी दुपारी तो बाजारापर्यंत पोहोचला. दुकानासमोर नारळवाला बसला होता. गरज नसताना तिथे चार नारळ हलवून पाहिले, कानाशी धरले. नारळवाला वैतागून म्हणाला, "साहेब, घेवचो आसात तर घेवा, नायतर ठेवा." तेव्हा कुठे तो रस्ता ओलांडून दुकानात शिरला.

व्यापारी गल्ल्यावर एकटाच बसला होता. "या साहेब. काय म्हणाला देव?"

"काही नाही. सहज आलो."

"सहज?" व्यापाऱ्याने त्याच्यामागे कुणी आहे का ते पाहिले. "पंखा बिघडला का आम्ही दिलेला?"

"नाही, छान चाललाय."

"मग कचेरीची काही खरेदी?"

"नाही शेठ. सहजच."

व्यापारी त्याच्याकडे पाहत राहिला. अधिकाऱ्याचे पाय आपोआप पायरीकडे वळले. उपासाच्या दिवशी दुपारी पोटात जशी कळ येते, तशी कळ त्याच्या मनातून गेली. पण तो तिथेच उभा राहिला.

मग व्यापारी उठला. गल्ल्याशेजारी एक खुर्ची होती, तिच्यावर मिक्सरची खोकी रचलेली होती. ती त्याने एकेक करून खाली ठेवली, खुर्ची फडक्याने पुसली आणि म्हणाला, "मग उभे का? बसा ना."

दोघे बसले. रस्त्यावरून एक रिक्षा गेली. अखेर व्यापारीच खाली बघत बोलू लागला. "त्या दिवशी मी जरा तोडून बोललो. नंतर तुम्ही आलाच नाहीत. मला वाईट वाटलं हो. दुपारचं इथे कुत्रं फिरकत नाही. मुलगी दिली सांगलीला. हिचे गुडघे दुखतात, ती माडीवरून खाली उतरत नाही. आणि खरं सांगू साहेब? मला तरी त्या यंत्रांतलं काय कळतंय! रविवारी तुम्ही विचाराल म्हणून शनिवारी बसून मोबाईलवर वाचून ठेवायचो."

आपण ज्या तासाची आठवडाभर वाट पाहत होतो, त्याच तासासाठी दुसरे कुणी आधीपासून तयारी करत होते, हे अधिकाऱ्याच्या स्वप्नातही आले नव्हते.

"शेठ," तो म्हणाला, "तुम्ही कधी खेळलाय का यावर?"

"मी? इतके विकले, पण हातात धरायची हिंमत नाही झाली."

दुकानात दाखवण्यासाठी एक कन्सोल टीव्हीला जोडून ठेवलेला होता. दोघांनी खेळाचा एकेक कंट्रोलर हातात घेतला. गाड्यांची शर्यत लागली. व्यापाऱ्याची गाडी सुटली ती थेट मागे.

"अहो, ही उलटी का जाते?"

"शेठ, तुम्ही मागे जायचं बटण दाबलंय."

"असू दे, असू दे! जातेय ना!"

तेवढ्यात एक बाई बल्ब मागायला आली. व्यापाऱ्याने पडद्यावरची नजर न काढता सांगितले, "वहिनी, दोन मिनिटं थांबा हं, मी भिंतीत अडकलोय." ती बाई थांबली, आणि थोड्या वेळाने तीही हसू लागली. वरून माडीतून कुणीतरी विचारले, "अहो, कोण आलंय?" व्यापारी ओरडला, "साहेब आलेत! सहज आलेत! दोन कप टाक!"

पुढे अधिकाऱ्याने कन्सोलच घेतला. कुमुदताईंनी डबा घेऊन पुन्हा त्याच्या टेबलापाशी बसत विचारले, "एवढा विचार करून शेवटी हाच का हो?" तो म्हणाला, "यात दोघांना शेजारी बसता येतं, ताई."

त्याचे एकटेपण एका दिवसात सरले असे नव्हे. बाकीच्या संध्याकाळी खोलीत अजूनही समुद्राचाच आवाज भरलेला असे, आणि काही रविवारी पाऊल उंबऱ्याशी अडखळे. पण व्रत त्याने सोडले नाही. एका गुरुवारी सगळे निघून गेल्यावर तो गुरुजींजवळ येऊन बसला. त्यांनी विचारले, "काय रे, काही विचारायचंय?" त्याने मान हलवून नाही म्हटले. गुरुजींनी आपली चटई थोडी त्याच्याकडे सरकवली आणि दोघे अंधार पडेपर्यंत समुद्राकडे पाहत बसले.

आपल्याही दारी कुणी तोच तोच प्रश्न घेऊन येत असेल, तर उत्तर देण्याची घाई करू नये. आधी त्याला बसायला पाट द्यावा.