कासवांचा नेमका आकडा

फार पूर्वी एका तळ्याकाठच्या गावात एक म्हातारी कोळीण राहत होती. एका वर्षी पिकं करपली, घरोघरी चुली थंडावल्या. तेव्हा पाटलांनी तिला विचारलं, "मावशी, तळ्यात कासवं किती आहेत? रोज दहा धरली तर चालेल का?"

कोळिणीला रोज दहा फार वाटली. पण पोरं उपाशी होती, नाही तरी कसं म्हणणार? "मोजून सांगते," ती म्हणाली.

तिने जाळं टाकून चाळीस कासवं धरली, प्रत्येकाच्या पाठीच्या कडेला कानशीने बारीक खाच केली आणि सोडून दिली. ती सगळ्यांत मिसळावीत म्हणून पंधरा दिवस थांबली. मग पुन्हा चाळीस धरली. त्यांतल्या बत्तिसांना खाच होती!

ती धसकलीच. तळ्यात कासवं भरपूर असती, तर खाचेची दोन-चारच पुन्हा हाती लागली असती. पाचांत चार खाचेची, म्हणजे बिनखाचेची सगळी मिळून दहाच्या आसपास.

चावडीवर ती म्हणाली, "पन्नास असतील. अठ्ठेचाळीस असतील, नाहीतर साठ."

लोक हसले. "अगं, रोज चारी काठांवर कासवंच कासवं दिसतात!"

"तीच ती फिरून दिसतात, बाबांनो."

एक गावकरी ताडकन उठला. "मी आठ दिवस काठाकाठाने मोजलीत. पाचशे बारा!"

पाटील वळले. "मावशी, हा नेमकं सांगतोय. पन्नासच आहेत, अशी शपथ घेतेस?"

हो म्हटलं असतं, तर कदाचित गावाने ऐकलं असतं.

"नाही. पन्नासच, हे मला ठाऊक नाही. पण पाचशे नाहीत, हे नक्की. आठवड्याला एकच धरा."

गावाने पाचशे बाराच खरे मानले, रोज दहा धरली.

पाच दिवस घरोघरी हंड्या शिजल्या. सहाव्या दिवशी जाळ्यांत एकही कासव आलं नाही. उन्हाने तळं आटू लागलं तसे मासे मरू लागले, आणि मेलेले मासे खायला कासवं उरली नव्हती. मासे पाण्यातच कुजले, पाणी नासलं. ते पिऊन माणसं आजारी पडली, दोन घरांतून तिरड्या निघाल्या.

पाटील खाली मान घालून कोळिणीच्या दारी आले. "मावशी, त्या दिवशी ठासून का नाही सांगितलंस?"

"जेवढं ठाऊक होतं, तेवढंच बोलले."

"आता किती उरली असतील?"

तळं आटून गुडघाभर झालं होतं. तिने कोपरान् कोपरा चाचपून पाहिला होता.

"आता अंदाज नको, पाटील. नेमकं सांगते. तीन."

तात्पर्य: आपल्याला किती ठाऊक नाही हेही जो सांगतो, त्याचा अंदाज छातीठोक खोट्या आकड्याहून अधिक भरवशाचा असतो.