तीन बोटांचं सारवण

आंबेदऱ्याच्या ओढ्याकाठी, करंजाखाली फुलगिरी महाराज चातुर्मासाला राहिले होते. सकाळचं धुकं त्यांच्या छाटीला बिलगून बसे. महाराज बोलत ते अर्धं माणसांशी, अर्धं पाखरांशी.

त्याच गावात दाजीबा मास्तर शाळा चालवत. मास्तर विद्वान खरे, पण ताठा असा की उंबऱ्यालाही वाकत नसत. आईबापांनी शाळेबाहेर राहावं, हा त्यांचा कायदा. इकडे शाळेची भुई उखणलेली, धुळीने पोरं खोकून घरी बसलेली. पटावर चाळीस, हजर नऊ. गुरुवारी साहेब तपासणीला येणार आणि शाळा बंद करणार, हे मास्तरांनाही कळून चुकलं होतं.

भागू कुंभारणीची लेक त्या नवांतली. भागूने शाळा सारवायची परवानगी मागितली, तर मास्तर हसले. "अंगठेबहाद्दर आता शाळा सुधारणार!"

भागू रडत करंजाखाली गेली. महाराज म्हणाले, "बाळ, घराघरांतून उंबऱ्यापासची ओंजळभर माती आण. एकही घर वगळू नकोस."

भागू दारोदार हिंडली. गावाच्या टोकाला मास्तरांचं जुनं घर होतं, आई गेल्यापासून बंद. तिथलीही ओंजळ तिने घेतली. मातीमागून माणसंही आली. बुधवारी मास्तर तालुक्याला गेले तशी बापांनी भुई चोपली, आयांनी सारवली. पण हौसेला मोल नाही, पाणी जास्त झालं. गुरुवारी उजाडलं तेव्हा वर भरून आलेलं आभाळ आणि खाली नुसता चिखल. परतलेले मास्तर दारातच थबकले. "माझ्या तोंडाला काळं फासलंत," एवढंच ते म्हणाले. भागूची मान वर होईना.

तेवढ्यात महाराज आले आणि त्या चिखलात मांडी घालून बसले. त्यांनी डोळे मिटले. करंजाच्या फुलांचा वास आला, दारातून धुकं आत शिरलं आणि भुईवर पसरलं. धुकं विरलं तेव्हा भुई कोरडी होती, भाकरी उतरलेल्या तव्यासारखी ऊबदार. धन्य ती माउली! पोरं धावत येऊन बसली, अगदी चाळीसच्या चाळीस.

मास्तर मात्र आपल्या खुर्चीपाशी खिळले होते. सगळ्या भुईवर चार-चार बोटांच्या रेघा, आणि तिथे एका पट्ट्यात तीनच.

मास्तरांच्या आईचं एक बोट उसाच्या चरकात गेलं होतं. पोराला शाळेत घ्यावं म्हणून तिने हीच भुई वर्षभर सारवली होती. सवंगड्यांनी विचारलं, तेव्हा पोराने तिला मोलकरीण म्हटलं होतं.

"भागू, इथं कोणी सारवलं?"

"कोनी न्हाई, गुर्जी. तेवढी जागा ऱ्हायली व्हती. तुमच्या घरची माती म्या तिथं नुस्ती ठिवली व्हती."

मास्तरांनी पायताणं काढली आणि ते महाराजांच्या पायांशी वाकले. महाराजांनी पाय मागे घेतले. म्हणाले, "आधी तिला."

साहेब आले, तेव्हा शाळा भरलेली होती, आईबाप पोरांमागे भिंतीला टेकून बसले होते आणि मास्तरांचं कपाळ अजून त्या तीन रेघांवर होतं.