लाल दिवा लागला की

ओढ्याकाठी एक गाव होतं आणि त्या गावाचं पाणी एका भोळ्या माणसाच्या हातात होतं. त्याचं नाव गेणू. सकाळी टाकीचा कॉक फिरवायचा, नळाला पाणी सोडायचं, एवढंच त्याचं काम. सांगितलं तेवढं करायचा. न सांगितलेलं कधी करायचा नाही.

टाकी उंच होती. तिच्यावर कबुतरं सोडून कुणी चढत नसे. झाकणाचा पत्रा सरपंच रंगनाथअण्णांच्या गोठ्यावर गेला होता. पत्रा चांगला होता.

अण्णांच्या लेकीचा, शेवंताचा, साखरपुडा झाला. पाहुणे जेवले, पाणी प्याले आणि पोट धरून परत गेले. सोयरीक मोडता मोडता वाचली. मुलाच्या बापानं निरोप धाडला, "लग्नात पुन्हा असं झालं, तर नवरी तुमच्याच घरी ठेवा."

अण्णा हादरले. पण टाकीवर चढून बघावं, असं त्यांना वाटलं नाही. त्यांनी तालुक्याहून यंत्र आणवलं. जेवणाच्या डब्याएवढं. नारळ फुटला, फोटो निघाला. मग नर्सबाईंनी गेणूला समजावलं.

"यात पाण्याचा थेंब टाकायचा. घातक जंतू असले तर आतल्या पट्टीला चिकटतात. लाल दिवा लागतो. नसले तर हिरवा. आता प्रयोगशाळेची वाट बघायला नको. चहा होईपर्यंत निकाल."

"आणि लाल लागला तर?"

"ते पाणी ओतून द्यायचं."

गेणूनं टाकीचं पाणी वाटीत घेतलं. थेंब टाकला. लाल. त्यानं वाटी ओतून दिली. मग टाकीचा कॉक सोडला.

दुपारी निम्मी आळी तांब्या घेऊन पळत होती.

"लाल होतं ना रे?" अण्णा ओरडले. "मग ओतलं का नाहीस?"

"ओतलं की. वाटी विसळूनही ठेवली."

"टोणग्या, वाटीतलं काय ओततोस? जिथनं घेतलं, ते सगळं ओतायचं!"

"बरं, अण्णा."

दुसऱ्या दिवशी नर्सबाईंनी सांगितलं म्हणून गेणू म्हशींच्या तळ्याचं पाणी तपासायला गेला. म्हशी आत बसल्या होत्या. त्यानं थेंब टाकला. लाल. शिकवण त्याच्या ध्यानात होती. त्यानं फावडं आणलं आणि तळ्याचा बांध फोडला. खालच्या अंगाला अण्णांची कांद्याची चाळ होती. कांदे तरंगत ओढ्याकडे निघाले. म्हशी बघत राहिल्या.

"तळं फोडायला कुणी सांगितलं?"

"तुम्हीच."

अण्णांनी कपाळावर हात मारला. "आता काही झालं तरी ओतायचं नाही. लाल लागलं की उकळायचं. उकळल्यावर जंतू मरतात. काय करायचं?"

"ओतायचं नाही. उकळायचं."

लग्नाचा दिवस उजाडला. वऱ्हाड आलं. मांडवामागं मोठ्या कढया चढल्या. गेणूनं टाकीचं पाणी तपासलं. लाल. त्यानं वाटी चुलीवर ठेवली. खळखळ उकळली. गार केली. थेंब टाकला. हिरवा!

अण्णा फेटा सावरत आले. "दिवा कोणता?"

"हिरवा."

"नक्की?"

"बघा की."

अण्णांनी बघितलं. दिवा हिरवाच होता. दिव्यापलीकडचं काही विचारायचा त्यांना सराव नव्हता.

"सोड पाणी!"

अक्षता पडल्या. पंगती उठल्या. ऊन कलायच्या आत पाहुण्यांना कळा सुरू झाल्या. पहिला वराचा बाप तांब्या घेऊन पळाला. त्याच्यामागं मुंडावळ्यांसकट नवरा. नवरी ठेवून जायची धमकी द्यायला आता कुणाला सवड नव्हती. शेवंतानं पाणी उकळलं, मीठ-साखर घातली आणि नवऱ्याला घोट घोट पाजलं.

"मी हिला घेतल्याशिवाय जायचा नाही," नवरा आडवा पडून म्हणाला.

तेवढी सोयरीक टिकली. अण्णा मात्र पोट दाबत गेणूकडे आले.

"तू तपासलंस काय?"

"उकळलेली वाटी."

"आणि सोडलंस काय?"

"टाकीतलं. टाकी चुलीवर बसेना."

"अर्धवटा! वाटीभर उकळून काय होतंय? ज्यातून नमुना घेतला, ते सगळं उकळायचं! सगळं!"

"बरं, अण्णा."

तेवढ्यात नर्सबाई आल्या. त्या म्हणाल्या, "पंगतीत वाढणाऱ्यांचे हात तपासू. हात धुतलेल्या पाण्याचा थेंब टाक, गेणू. अण्णांनी जिलबी वाढली, त्यांच्यापासून सुरू कर."

अण्णांनी वाटीवर हात धुतले. गेणूनं थेंब टाकला.

लाल.

गेणूनं विचार केला. ओतायचं नाही. उकळायचं. ज्यातून नमुना घेतला, ते सगळं. तो मांडवामागं गेला. सगळ्यात मोठी कढई पाण्यानं भरली. खाली लाकडं सारली. मग येऊन त्यानं अण्णांना काखेत हात घालून उचललं.

"अरे, कुठं नेतोस?"

"कढईत. नमुना तुमचा होता."

अण्णांनी कढई बघितली. खालचा जाळ बघितला. हिसडा देऊन सुटले, फेटा टाकून पळाले आणि समोर टाकीचा जिना दिसला तो थेट वर चढले. सरपंच झाल्यापासून पहिल्यांदाच.

वर झाकण नव्हतं. अण्णांनी आत बघितलं. फुगलेली कबुतरं शांतपणे तरंगत होती. अण्णांनी मान वर केली, तर लांब गोठ्यावर पत्रा उन्हात चमकत होता.

खालून गेणूनं हाक मारली.

"अण्णा, लवकर उतरा. आत्ता कोमट आहे. उशीर केलात तर चटका बसेल."